लख्ख घसा

डॉक्टरांनी बॅटरी विझवली. "काका, घसा अगदी लख्ख आहे," ते म्हणाले, आणि शिंपीकाकांनी पुन्हा एकदा खोकून पाहिलं.

गावाच्या टोकाला कोळशावरचं वीजघर होतं, तोवर काकांचं बरं चाललं होतं. कोणी गाण्याचा आग्रह केला की ते शिलाईयंत्र थांबवत, खिडकीतून धुरांड्याकडे बघत आणि म्हणत, "गळा होता हो एके काळी. धुराने खाल्ला." लोक हळहळत. कधीच न गायलेल्या गाण्यावर काकांनी भलं मोठं नाव कमावलं होतं. वीजघर बंद करा म्हणून सभा झाल्या, त्यांतही काकांचा गळा सगळ्यांत पुढे. अखेर देवाने ऐकलं, आणि मग सरकारनेही. धुरांडं थंडावलं, माळावर सौर पट्ट्या चमकू लागल्या, दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत पांढरे राहू लागले. उशाशी दम्याचा पंप घेऊन झोपणारी काकांची नात ढाराढूर झोपू लागली.

आणि वीजघराविरुद्ध लढलेल्या समितीने ठरवलं, आनंदाच्या सभेत स्वच्छ हवेतलं पहिलं गाणं काकांचं.

घशाची सबब डॉक्टरांनी मोडली. "कापडाचे तंतू जातात हो नाकात," काका म्हणाले, तर समितीने दुकान झाडूनपुसून दिलं. "पेटीची साथ नाही," म्हणाले, तर पेटीवाला दारात हजर.

काका गायले. पहिल्या ओळीला पेटीवाल्याने पट्टी चढवली, दुसरीला उतरवली आणि तिसरीला भाता मिटून हात जोडले. मग वीजघराचा जुना मुकादम उठला.

"ऐकलंत ना? धूर जाऊन काय फरक पडला? उगाच बंद केलं. सुरू करा परत."

चार माना डोलल्या. बघता बघता दहा डोलल्या.

काकांनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत काकूंच्या मांडीवर नात झोपली होती. एवढ्या गाण्यातही झोपली होती, आणि छातीत जराही घरघर नव्हती. काका उठून उभे राहिले.

"हवा चांगली आहे. माझा गळा पहिल्यापासून असाच आहे. धुराने त्याला काही केलं नाही. लेकरांच्या छातीला केलं होतं."

मुकादम खाली बसला. समितीच्या अध्यक्षांचे डोळे मात्र भरून आले. "केवढा हा विनय! गमावलेल्या गळ्याबद्दल चकार तक्रार नाही. येईल, काका, आवाज हळूहळू परत येईल. आपण दर महिन्याला तुमचं गाणं ठेवू."

टाळ्या थांबेनात.

घरी आल्यावर काकूंनी नातीला निजवलं आणि खिडक्या सताड उघडल्या. "इतकी वर्षं धुरापायी लावून घ्यायचो. किती बरं वाटतंय."

"मग आता रोज रियाज करायला हवा," काका चाचरत म्हणाले.

काकू उठल्या आणि एकेक खिडकी पुन्हा लावून आल्या.