राहिलेले पाच फूट

बबन गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, ते चिखलोलीतल्या आपल्या बिल्डिंगसमोर डोळ्याला कोनमापक लावून उलटे उलटे चालत होते. टाकीच्या नव्या पाइपसाठी उंची हवी होती. टेरेसवरून दोरी सोडली असती तर दोन मिनिटांचं काम. पण टेरेसची चावी हरवली आहे, असं सेक्रेटरी विष्णुपंतांचं म्हणणं होतं.

कोनमापकाला दोरा, दोऱ्याला नट. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर असलेल्या बबनना टॅन हा शब्द मुलीकडून कळला होता. भावना बदलापूरला दहावीला गणित शिकवायची. काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू म्हणजे टॅन. पंचेचाळीस अंशाला तो एक, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. जेवढे मागे गेलात, तेवढी टाकी उंच.

"पस्तीस फूट!" बबन खालून ओरडले. "भावना, हे माझ्या डोळ्यापासून वरचं झालं. खालचे पाच मिळव."

"पप्पा, मला नका शिकवू." गॅलरीत पेपर तपासता तपासता तिने सोसायटीच्या ग्रुपवर पस्तीस टाकलं.

"मिळवलेस ना पाच?"

"हो हो."

मुकेश प्लंबरने तेवढाच पाइप कापून आणला आणि परांचीवर चढून भिंतीला ठोकत नेला. वर पोचून तो थांबला.

"काका, पाइप खतम. टाकी अजून वरतीच आहे ना!"

पाइपचं तोंड नेमकं विष्णुपंतांच्या बेडरूमच्या खिडकीशी आलं होतं. आणि खाली वाट बघून कंटाळलेल्या विष्णुपंतांनी नेमका तेव्हाच पंप चालू केला.

"मालिनी, पाणी आलं का गं?" त्यांनी खालून बायकोला हाक मारली.

"आलं! गादीवर आलं! बंद करा आधी!"

गाद्या वाळत घालायला टेरेस उघडावं लागलं. चावी विष्णुपंतांच्या खिशातूनच निघाली. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

"आठवी पास माणसाला इंजिनियर कोणी केला?" हे मात्र विष्णुपंत तीन वेळा म्हणाले.

भावना शेजारीच उभी होती. बबननी तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"चुकलं साहेब," ते म्हणाले. "पाच फूट धरायचे राहिले माझ्याकडून."

सोमवारी सकाळी चहा निवायच्या आत त्यांचं हृदय बंद पडलं.

शोकसभेत विष्णुपंत सर्वांत आधी बोलले. "बबनराव म्हणजे सोन्यासारखा माणूस. फक्त गणित पाच फूट कच्चं!" लोक हसले. मालिनीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. शोकसभेत हसायला मिळालं की खुर्च्या लवकर रिकाम्या होत नाहीत.

आभार मानायला भावनाला बोलावलं. तिने लिहून आणलेला कागद उलगडला, आणि पुन्हा घडी करून ठेवला.

"पप्पांचं गणित बरोबर होतं," ती म्हणाली. "पाच मिळवायचे मी विसरले. त्यांनी दोनदा सांगितलं होतं. आणि विष्णुपंत सगळ्यांसमोर त्यांना बोलत होते, तेव्हा मी तिथेच उभी होते."