चार दशांशांचा गुन्हेगार

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं म्हणत मामांनी शर्टाची बाही चहात बुडवली. "शहरात पोलीस ढिगाने आहेत, मान्य. पण डोकं एकच आहे."

ते डोकं सध्या भूकंपमापन केंद्रात, भाचीच्या टेबलावर कोपरं टेकून बसलं होतं. तीस वर्षं पोस्टात शिक्के मारून निवृत्त झाल्यावर मामांनी ताटलीएवढं एक भिंग विकत घेतलं आणि स्वतःला गुप्तहेर म्हणवून घ्यायला सुरुवात केली. हल्ली ते वर्तमानपत्रसुद्धा भिंगाशिवाय वाचत नसत. आजवर त्यांनी दोन प्रकरणं सोडवली होती. दोन्ही वेळा हरवलेली वस्तू त्यांच्याच खिशात निघाली होती.

भाचीला मात्र आज हसू येत नव्हतं. सकाळी किनाऱ्यापासून ऐंशी किलोमीटरवर, समुद्राच्या तळाशी जमीन जराशी हलली. कुणाच्या घरातला पेलाही पडला नाही. बाकीच्या तिन्ही केंद्रांनी ३.४ रिश्टर कळवलं आणि हिने ३.८. मुख्यालयातले साहेब फोनवर कडाडले, "चार वाजेपर्यंत खुलासा द्या, नाहीतर नोकरीत कायम होण्याचं विसरा!" दोन वर्षं ती त्याचीच वाट बघत होती.

"चार दशांशांसाठी एवढा गहजब?" मामांनी नाक मुरडलं.

"मामा, आकडा एकाने वाढला की कागदावरच्या रेघेचा झोका दहापट मोठा असतो. चार दशांश म्हणजे अडीचपट! अंतर मी दोनदा तपासलंय. मग माझ्याच कागदावर झोका एवढा मोठा कसा?"

"घातपात!" मामा उठले. "गुन्हेगार याच खोलीत आहे."

त्यानंतर त्यांनी आधी एका परक्या पाणबुडीवर संशय घेतला, मग पाठ खाजवणाऱ्या देवमाशावर. या दोघांना खोलीत कसं आणायचं ते जमेना, म्हणून शेवटी जाड्या पहारेकऱ्यावर आले.

"तो आठवडाभर रजेवर आहे, मामा."

"बघ! निर्दोष माणूस रजा कशाला घेईल?"

"तुम्ही तो कागद द्या बरं. मी परत मोजते."

"पुरावा सीलबंद आहे." मामांनी खिशातला लखोटा थोपटला. "हाताळला की पुरावा मरतो. वीस मिलिमीटर म्हणजे वीस!"

सकाळी तो झोका मामांनीच मोजला होता. अख्खं गाव फोन करून "परत हलणार का हो?" विचारत होतं, हिच्या दोन्ही कानांना दोन फोन होते आणि मुख्यालयाला दहा मिनिटांत आकडा हवा होता. पट्टीवरचा आकडा वाचायला काही अक्कल लागत नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

साडेतीनला मामा यंत्राजवळच्या ओल्या फरशीवर पालथे पडले. "सापडला! टाचेचा ठसा. रुंदी पंधरा सेंटिमीटर. राक्षस आहे राक्षस, लिहून घे!"

"अगं बाई, आत्ता पुसलंय ना मी!" सफाईवाल्या मावशी बादली घेऊन दारात उभ्या होत्या. "साहेब, उठा. माझी टाच आहे ती." त्यांनी पाय ठेवला. ठसा तंतोतंत जुळला. "पंधरा म्हणे! मी काय हत्तीण आहे? मोजा परत, माझ्यादेखत."

मामांनी गंभीरपणे ठशावर भिंग धरलं आणि भिंगावर पट्टी ठेवली. "घ्या. पंधरा."

"अहो, भिंगावरून मोजलंत तर पंधराच भरणार! ते भिंग काढा की मेलं."

भिंग निघालं. टाच सहा सेंटिमीटर भरली.

भाचीने मनातल्या मनात पंधराला सहाने भागलं. अडीच!

"मामा, लखोटा."

"पुरावा हाताळला की..."

"लखोटा द्या म्हणते ना!"

तिने तो टराटरा फाडला आणि कागदावर नुसती पट्टी ठेवली. झोका आठ मिलिमीटर होता. तक्त्यात बघितलं तर ३.४.

चारला पाच मिनिटं कमी असताना तिने साहेबांना फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"बाहेरच्या माणसाला मोजायला दिलंत. ताकीद लेखी येईल."

"हो, साहेब."

"आणि ते भिंग फाटकाबाहेर राहणार असेल, तर तुम्ही आत राहाल. कायम."

फोन ठेवताना तिचे डोळे भरून आले. मामा बाही पिळत बसले होते.

"गुन्हेगार याच खोलीत आहे," ते म्हणाले, "हे सगळ्यात आधी कोण म्हणालं होतं?"

जन्मात पहिल्यांदाच भाचीला मामांचं म्हणणं शंभर टक्के पटलं.