वकिलांची पिसं

दातांच्या डॉक्टरांचा स्वतःच्या हातांवर फार विश्वास होता. ज्या हातांनी माणसांच्या जबड्यात शिरून अक्कलदाढा मुळासकट उपटल्या, त्या हातांना जगात अवघड असं काही नाही, हे त्यांचं प्रामाणिक मत होतं. म्हणून मेहुणा जेवायला आला आणि तिरंदाजीच्या क्लबमधल्या आपल्या नव्या कार्बनच्या बाणांचं कौतुक सांगत बसला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "विकतचा बाण कुणीही मारेल. मी घरी करतो. काडी, पिसं आणि सरस. आदिमानव करायचा तसा."

"आदिमानवाला दवाखाना नव्हता, भाऊजी."

"रविवारी क्लबवर घेऊन येतो. पहिल्या फटक्यात निशाणाला लागला नाही, तर नाव बदलीन."

डॉक्टरांच्या बायकोने नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. मागे त्यांनी अशाच उत्साहात घरी चपला शिवल्या होत्या. त्या घालून ते फिरायला गेले होते आणि अनवाणी परत आले होते.

काडी पटकन जमली. कुंपणाच्या झुडपाची एक सरळ फांदी त्यांनी सोलली, गॅसवर शेकून तिचा बाक काढला आणि टोकाला खाच पाडली. अडलं ते पिसांवर. बाणाला तीन पिसं लागतात, तीही एकाच बाजूच्या पंखाची, नाहीतर बाण हवेत दारुड्यासारखा चालतो. अशी दणकट पिसं आसपास एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे घरमालकीणबाईंच्या टर्कीच्या अंगावर.

घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहत. त्या निवृत्त न्यायाधीश होत्या. मागच्या अंगणात त्यांनी हा टर्की पाळला होता आणि तो सकाळपासून कुणाचं काही न ऐकता बोलतच राहायचा, म्हणून त्याचं नाव त्यांनी 'वकीलसाहेब' ठेवलं होतं. सध्या वकीलसाहेबांची पिसं झडत होती. डॉक्टर रोज सकाळी चप्पल न घालता अंगणात जात आणि पडलेली पिसं शर्टात लपवून आणत. खरं तर मागितली असती तरी मिळाली असती. पण बाई प्रत्येक गोष्टीचं कारण विचारत, आणि 'आदिमानव' हे कारण त्यांच्यासमोर उच्चारायचं धाडस डॉक्टरांना होईना. त्यातून घर आणि दवाखाना दोन्ही बाईंच्याच जागेत, आणि पुढच्या वर्षी जागा ठेवायची की नाही हे त्या अजून सांगत नव्हत्या.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून डॉक्टर स्वयंपाकघरात बसले. शेगडीवर पातेल्यात कातड्याचे तुकडे उकळत होते, त्याचा सरस व्हायचा होता. घरभर असा वास सुटला होता, की जणू पन्नास माणसांचं सूप चढवलंय. काडीला लावायला गेरू कालवला होता, तो कोपरापर्यंत पोचला होता. ओट्यावर सगळीकडे पिसं. दाढ काढायच्या चिमट्यात एक पीस धरून डॉक्टरांनी ते देठापासून उभं चिरलं, तशी दोन काडीवर बसवली आणि आता ती बांधायची वेळ आली.

बांधायला दोरा चालत नाही, असं त्यांनी वाचलं होतं. खाटकाकडून आणलेली बकऱ्याच्या पायाची शीर वाळवून, कुटून तिचे धागे काढायचे आणि ते तोंडात चावून ओले करायचे. थुंकीने धागा चिकटतो. डॉक्टरांनी मूठभर धागे तोंडात कोंबले आणि मन लावून चावायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं.

दारात घरमालकीणबाई उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"डॉक्टर, आमचे वकीलसाहेब दिसले का? सिलिंडरवाला फाटक उघडं टाकून गेला. तासभर शोधतेय."

डॉक्टरांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण धागे दाढांत असे अडकले होते, की बाहेर फक्त "न्ग्म्" आलं आणि ओठांतून शिरेचं एक टोक लोंबायला लागलं.

बाईंनी ते टोक पाहिलं. मग लाल हात पाहिले, ओट्यावरची पिसं पाहिली. सरस रटरटत होता, त्याचा वास त्यांनी नाकाने घेतला आणि त्या हळूच खुर्चीवर बसल्या.

"केव्हा?" त्यांनी विचारलं.

"न्गाही, न्गाही," डॉक्टर बोट घालून दाढ मोकळी करू लागले. अर्धे धागे निघाले. "बाई, तुमचा गैरसमज होतोय. मी त्यांची फक्त पिसं घेतली."

"आणि बाकीचे ते?"

"बाकीच्यांना मी हातही लावला नाही."

"मग पातेल्यात काय आहे?"

"कातडं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी घाईघाईने पातेल्यावर झाकण ठेवलं.

त्याच वेळी ओट्यावरचा फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून डॉक्टर कोपराने तो बंद करायला गेले, तर चालू झाला, तोही स्पीकरवर.

"भाऊजी," मेहुण्याचा आवाज स्वयंपाकघरात घुमला, "झाला का तयार? उद्या मारायचा ना? आणि पिसं एकाच पंखाची काढलीत ना? सगळ्या क्लबला सांगून ठेवलंय, भाऊजी आदिमानवासारखा मारणार म्हणून."

"ठेव रे फोन," डॉक्टर रडकुंडीला येऊन म्हणाले.

"पण बांधून झाला का? नीट आवळून बांधा, नाहीतर उडून जायचा."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. चाळीस वर्षं त्यांनी खुनी माणसं पाहिली होती, पण खालच्या मजल्यावर एक भाड्याने ठेवल्याचं त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरांना मात्र एवढ्या वेळात पहिल्यांदाच स्वतःच्या बाणाचा विसर पडला. रोज कडक इस्त्रीच्या आवाजात बोलणारी ही बाई एका टर्कीसाठी रडतेय, हे त्यांना बघवेना. ते त्यांच्यापुढे उकिडवे बसले आणि अर्धवट पिसांची काडी पुढे धरली.

"बाई, मी बाण करतोय. झडलेली पिसं उचलली, न विचारता उचलली. तेवढाच माझा गुन्हा. चला, आपण दोघं त्यांना शोधू."

बाई काही बोलणार, तोच डॉक्टरांची बायको ऑफिसमधून आली. पायातली चप्पल न काढताच ती म्हणाली, "बाई, तुम्ही इथे आहात होय? कोपऱ्यावरचा न्हावी तुमच्या नावाने ओरडतोय. टर्की दुकानात शिरलाय. आरशात स्वतःला बघून पिसारा फुलवून भांडतोय आणि कुणाला बाहेर पडू देत नाहीये. दोन माणसं अर्ध्या दाढीवर बसलीत."

बाई उठल्या त्या जवळजवळ धावतच निघाल्या. मागे डॉक्टर, गेरूच्या हातांनी. दुकानात वकीलसाहेब आरशातल्या वकिलाशी तावातावाने वाद घालत होते आणि समोरचाही माघार घ्यायला तयार नव्हता. न्हाव्याने आरशावर टॉवेल टाकला. खटला संपला. बाईंनी टर्कीला उचलून छातीशी धरलं, आणि डॉक्टर सुटल्यासारखे दुकानातल्या बाकावर जाऊन बसले.

परतताना घराजवळ आल्यावर बाई म्हणाल्या, "वर माळ्यावर पिशवीभर पिसं साठवलीत मी. उगाचच. टाकवत नाहीत. घेऊन जा." मग जिना चढता चढता थांबल्या. "आणि जागा ठेवा तुम्ही. भाडेकरू काय करतात ते मला कळलं, की मी निश्चिंत असते."

डॉक्टरांची बायको त्या दिवशी कितीतरी वेळ एकटीच हसत होती. सरस मात्र आटून पातेल्याला बसला होता.

रविवारी क्लबवर बाई स्वतः आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. डॉक्टरांनी दोरी ताणली. बाण सुटला, वर गेला, जरा विचार केल्यासारखा थबकला, डावीकडे वळला आणि निशाणाचे तीन फळे सोडून पलीकडच्या माणसाच्या निशाणात, पिवळ्या वर्तुळाच्या बरोबर मधोमध घुसला. त्या माणसाचा अजून नेमही धरून झाला नव्हता. तो धनुष्याकडे बघत राहिला.

मेहुण्याने बाईंकडे पाहिलं. "बाई, आता तुम्हीच सांगा. हा लागला म्हणायचा का?"

बाईंनी चष्मा पुसला, परत लावला आणि फळ्याकडे नीट पाहिलं.

"बाण लागला, हे सिद्ध झालंय," त्या म्हणाल्या. "मारायचा हेतू होता, हे मात्र सिद्ध होत नाही."