कृष्णाक्काची स्कूटर आणि बेटावरचा चढ

एका जंगलात, जिथे मध भरपूर होता आणि म्हातारपण कोणालाच चुकलं नव्हतं, कृष्णाक्का नावाची अस्वलीण राहत होती.

मुलांनो, अस्वलं झाडावर चढतात हे तुम्हाला ठाऊक आहे. कृष्णाक्का जन्मभर चढली. मग एके दिवशी तिच्या गुडघ्यांनी सांगितलं की आता पुरे. तेव्हा तिने बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली. खुर्चीसारखी बैठक, पुढे टोपली आणि एक भोंगा. पहिले काही दिवस ससे तिला हसले. नंतर तेच ससे टोपलीत बसून फेरी मारायला येऊ लागले.

कृष्णाक्काची लेक मधुरा समुद्रापलीकडच्या एका बेटावर दिली होती. जावई मासेमारीच्या होडीवर, महिनोन्‌महिने बाहेर. एक दिवस निरोप आला की मधुराला मुलगी झाली.

"मी जाणार," कृष्णाक्का म्हणाली.

"अक्का, कशी जाणार?" तिची धाकटी बहीण चंपू म्हणाली.

"स्कूटरवर."

"समुद्रातून?"

समुद्रातून एक जहाज जायचं. ते बेटाबेटांवर थांबायचं, प्रवाशांना उतरवायचं आणि संध्याकाळ व्हायच्या आत पुन्हा गोळा करायचं. जहाजावर सोयींचा अधिकारी म्हणून एक बगळा होता. पांढरा शुभ्र, इस्त्रीचा.

"माझी स्कूटर चालेल का?" कृष्णाक्काने विचारलं.

"आमच्याकडे सगळ्यांची सगळी सोय आहे," बगळा म्हणाला.

"बेटावर उतरल्यावर?"

"बेटांची चित्रं आमच्या माहितीपत्रकात आहेत. फार सुंदर आहेत."

कृष्णाक्काने डिंकाचे लाडू वळले, बाळाला टोपडं शिवलं आणि चंपूला बरोबर घेतलं. चंपू तक्रार करत करत आली, पण आली.

पहिलं बेट आलं. तिथे धक्काच नव्हता. जहाज लांब उभं राहिलं आणि प्रवासी छोट्या होड्यांतून गेले.

"स्कूटर होडीत चढणार नाही," बगळा म्हणाला. "पण तुम्ही अवश्य या."

"स्कूटरशिवाय?"

"तिला विश्रांती मिळेल."

कृष्णाक्का डेकवर बसून राहिली. बेट तिथूनही दिसत होतं. अगदी माहितीपत्रकातल्यासारखं.

दुसऱ्या बेटावर धक्का होता आणि धक्क्याला लागूनच वाळू. स्कूटर वाळूत गेली आणि तिथेच रुतली. खेकड्यांनी चाकांखालची वाळू उकरून तिला बाहेर काढलं. ते तिरके तिरके ढकलत होते, त्यामुळे कृष्णाक्का जिथे जायचं होतं तिथे न पोचता एका नारळपाण्याच्या गाडीशी पोचली. नारळपाणी चांगलं होतं. तिने तक्रार केली नाही.

मग मधुराचं बेट आलं.

भरतीने जहाज उंच उचललं गेलं होतं, त्यामुळे जहाजावरून उतरायची फळी घसरगुंडीसारखी तिरपी झाली होती. दोन रानडुकरांनी स्कूटर मागून धरली. कृष्णाक्काने डोळे मिटले आणि खाली पोचल्यावर उघडले. समोर टेकडी होती. तिच्यावर निळी, पिवळी, गुलाबी घरं होती. सगळ्यात वरचं गुलाबी घर मधुराचं.

धक्क्यावर एक खेचर टॅक्सी घेऊन उभं होतं.

"वर गुलाबी घराशी सोडाल का?" चंपूने विचारलं.

खेचराने स्कूटरकडे पाहिलं. "हिची घडी होते?"

"नाही."

"बाईंची?"

"त्यांचीही नाही."

"मग कठीण आहे," खेचर म्हणालं. ते वाईट नव्हतं. टॅक्सी खरोखरच लहान होती.

"रॅम्पवाली गाडी असते म्हणे इथे," कृष्णाक्का म्हणाली. "स्कूटरसकट आत जाता येतं."

"आहे ना. नवी कोरी. पण आज तिचं उद्घाटन आहे. नगराध्यक्ष घोरपडसाहेब वर चौकात रिबीन कापणार. तोवर तिच्यात कोणाला बसवायचं नाही."

कृष्णाक्काने स्कूटर चढाला लावली.

मुलांनो, ती गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना भिंती आणि खाली गोल गोल दगड, पाहुण्यांना आवडतात म्हणून जपून ठेवलेले. स्कूटर प्रत्येक दगडावर वर जायची आणि खाली यायची. कृष्णाक्काचे दात वाजत होते. टोपलीत लाडू एकमेकांवर आपटत होते. बॅटरीचा हिरवा दिवा आधी पिवळा झाला, मग लाल.

अर्ध्या चढावर स्कूटर कुरकुरली. कृष्णाक्काने ती सभ्यपणे भिंतीच्या कडेला घेतली, म्हणजे कोणाला अडथळा नको.

आणि खरंच कोणाला अडथळा झाला नाही. जहाजावरचे प्रवासी आले आणि गेले. एक हरीण थांबून म्हणालं, "कमाल आहे तुमच्या जिद्दीची." मग ते गेलं. दोन माकडांनी तिच्याबरोबर फोटो काढला. एका शेळीने बसल्या बसल्या करायचे गुडघ्यांचे व्यायाम सांगितले. सगळे फार प्रेमळ होते. ढकलायला कोणी थांबलं नाही. चंपूने ढकलून पाहिलं, पण चंपू काही मोठी नव्हती आणि चढ मोठा होता.

ऊन चढलं.

"अक्का," चंपू हळूच म्हणाली, "मी वर जाऊन लाडू देऊन येऊ का? बाळाचा फोटो काढून आणते. मधुरा अजून बाळंतीण आहे, तिला खाली बोलावता यायचं नाही."

"लाडू पोचतील," कृष्णाक्का म्हणाली. "मी नाही पोचणार."

ती वरच्या गुलाबी घराकडे बघत राहिली. तिथे दोरीवर इवलीशी दुपटी वाळत होती. इतक्या जवळ की त्यांचे रंग ओळखू येत होते. तिला रडू येत नव्हतं. तिला राग येत होता, आणि कोणावर काढावा हे कळत नव्हतं, कारण जो तो गोड बोलून पुढे जात होता.

एवढ्यात खालून वाजंत्री ऐकू आली. बेडकांचा बँड होता. त्यामागे फुलांनी सजवलेली, दाराला रिबीन बांधलेली, नवी कोरी, रॅम्पवाली गाडी. गाडीत एकटे घोरपडसाहेब, रिबीन कापायला निघालेले.

कृष्णाक्काने बँडकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग लाल दिव्याकडे पाहिलं.

"चंपू, बाजूला हो," ती म्हणाली, आणि उरलीसुरली बॅटरी वापरून स्कूटर बरोबर गल्लीच्या मधोमध आडवी लावली. तिथे ती बंद पडली.

बँड थांबला. गाडी थांबली. मागच्या बेडकांना पुढचं काही दिसत नव्हतं, म्हणून ते वाजवत राहिले.

घोरपडसाहेब खाली उतरले. "बाई, रस्ता सोडा. वर कार्यक्रम आहे."

"कसला?"

"ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी ही गाडी आहे. तिचं उद्घाटन आहे."

"मला चालता येत नाही," कृष्णाक्का म्हणाली.

"म्हणूनच तर गाडी आहे. पण रिबीन चौकात कापायची आहे."

"मग चौकात जा."

"रस्ता तुम्ही अडवलाय."

"मी नाही, बॅटरीने. ती चौकात चार्ज होईल."

घोरपडसाहेब विचारात पडले. मागे लोक जमले होते. माकडं पुन्हा फोटो काढायला लागली होती, आणि आता फोटोत घोरपडसाहेबही येत होते. चौकात मांडव होता, पाहुणे होते, शिरा गार होत होता.

"साहेब," खेचर मागून म्हणालं, "इथेच कापून टाका. रिबिनीला काय कळतंय चौक कुठला."

घोरपडसाहेबांनी खिशातून कात्री काढली आणि गल्लीतच रिबीन कापली. रॅम्प खाली आला. कृष्णाक्का स्कूटरसकट आत गेली. स्कूटर ढकलायला आता इतके हात आले की चंपूला हात लावायला जागा राहिली नाही. हरीण तर सगळ्यांच्या पुढे होतं.

चौकातल्या भाषणात घोरपडसाहेब म्हणाले, "या भगिनी आमच्या खास निमंत्रणावरून सातासमुद्रापलीकडून आल्या आहेत." कृष्णाक्काने मान डोलावली. भाषण लवकर संपावं एवढीच तिची इच्छा होती.

मग गाडी गुलाबी घरापाशी थांबली.

मधुरा दारात उभी होती. बँड आपल्या दाराशी का आला हे तिला कळेना. मग रॅम्पवरून आई खाली येताना तिला दिसली. चंपूने बाळ आणून कृष्णाक्काच्या मांडीवर ठेवलं. काळं, मऊ, मुठीएवढं तोंड. ते झोपलेलं होतं आणि झोपूनच राहिलं. आजी समुद्र ओलांडून आली आहे याचं त्याला काही नव्हतं. कृष्णाक्काला ते फार आवडलं.

लाडूंचा प्रवासात आणि उन्हात मिळून एकच मोठा लाडू झाला होता. मधुरा तो तोडून तोडून खात होती आणि मधूनच डोळे पुसत होती.

दुपार कलली तेव्हा गाडीनेच दोघी बहिणींना धक्क्यावर सोडलं. जहाजाच्या दाराशी बगळा उभा होता.

"सहल कशी झाली? सोय होती ना?"

"होती," कृष्णाक्का म्हणाली. "माझ्या मागून येत होती."

बगळ्याने ते शेऱ्यांमध्ये 'समाधानी' म्हणून लिहून घेतलं.

त्यानंतर बेटावर सुधारणा झाली. गोल दगड काढायचं कोणाच्या मनात आलं नाही. पण त्या गल्लीत एक मोठी पाटी लागली: 'येथे मधोमध थांबू नये. गैरसोय होते.' पाटी उपयोगी पडली. आता ज्याला वर जायचं असतं त्याला कुठे थांबायचं हे विचारावं लागत नाही.

तात्पर्य: मुलांनो, दुसऱ्यांना त्रास देऊ नये, नेहमी कडेला थांबावं, असं तुम्हाला शिकवलं असेल. तसंच वागा. कडेला ठेवलेली अडचण सगळ्यांना फार आवडते. ती सुटायलाच हवी असेल, तर मात्र साहेबांच्या गाडीपुढे ठेवा.