तळ्यात मासा नाही

भिंतीवरचा पेंढा भरलेला ट्राउट मासा डेल्बर्ट लिंडक्विस्टने खाली काढला, जुन्या घोंगडीत गुंडाळला आणि पलंगाखाली सारला. त्याचे डोळे भरून आले.

"रडतोस काय? तो केव्हाच मेलाय," बायको आर्लीन म्हणाली.

इलाजच नव्हता. आयडाहोच्या जंगलातली ही लाकडी केबिन डेल्बर्टच्या आजोबांनी बांधलेली, म्हणजे केबिन त्याची. खालची जमीन मात्र सरकारची. त्या जमिनीची किंमत ठरवायला आज वनखात्याने नेमलेली बाई येणार होती. जागा जितकी देखणी आणि समोरच्या तळ्यात मासे जितके जास्त, तितकं वर्षाचं भाडं जास्त. आता आणखी वाढलं, तर डेल्बर्टच्या पेन्शनला ते झेपणारं नव्हतं. मग पडेल त्या भावात केबिन विकायची. आजोबांचं तळं काही खांद्यावर टाकून नेता येत नाही.

म्हणून त्याने जागेला अवकळा आणायला कंबर कसली होती. डास व्हावेत म्हणून बादल्यांत पाणी साठवलं होतं. बाहेरच्या संडासाचं दार वाऱ्याच्या तोंडी उघडं टाकलं होतं.

"आणि तुझ्या तोंडाचं काय?" आर्लीनने विचारलं. "तळ्यात मासे आहेत का म्हणाली तर?"

"नाहीत," डेल्बर्ट म्हणाला. पण आवाज असा, की सख्ख्या मुलाला ओळखत नाही म्हणतोय.

ग्रेटा वॉशबर्नबाई आल्या आणि वारा फिरला. संडासाचा वास थेट आर्लीनच्या स्वयंपाकघरात शिरला. बाईंना मात्र पाइनचा छान वास आला. डासांनी बाईंना सोडून डेल्बर्टला फोडून काढलं. त्यात दारी आलेल्या माणसाला उपाशी पाठवणं आर्लीनच्या रक्तात नव्हतं. तिने हकलबेरीची रानफळं भरलेला गरमागरम केक पुढे केला.

"वा! बेरी कुठल्या?"

"आमच्याच की! मागे नुसता सडा असतो."

डेल्बर्टने टेबलाखालून लाथ मारली. ती बाईंना लागली.

"माफ करा, संधिवात," तो पुटपुटला.

बाईंनी पाय चोळत विचारलं, "तळ्यात मासे?"

"नाहीत," डेल्बर्ट म्हणाला. आर्लीनने देवाचे आभार मानले.

"वाटलंच मला. खरे मासे पलीकडच्या तळ्यात. तिथल्या मर्ल स्टब्सनी केवढा ट्राउट पकडलाय! फोटो दाखवला त्यांनी मला."

मर्ल म्हणजे आर्लीनचा भाऊ. डेल्बर्टचे कान लाल झाले.

"डेल्बर्ट, कॉफी घे," आर्लीन घाईघाईने म्हणाली.

"मर्ल?" डेल्बर्ट उठलाच. "त्याला गळाला किडा लावता येत नाही अजून! थांबा तुम्ही, बाई!"

तो पलंगाखाली घुसला आणि घोंगडीसकट मासा घेऊन बाहेर आला. मग तासभर बाईंची सुटका नव्हती. मासा कसा लागला, होडी कशी ओढली गेली, गळ कसा वाकला. या तळ्यात पाण्यापेक्षा मासे जास्त, असंही तो म्हणाला. आर्लीनने कपाळावर हात मारून घेतला.

उरलेला उन्हाळा सुतकात गेला. डेल्बर्टने एकदाही गळ हातात धरला नाही. आजोबांनी ठोकलेली एकेक फळी तो हाताने चाचपून बघायचा आणि म्हणायचा, "माझ्या जिभेने घालवली गं केबिन." आर्लीनला त्याची इतकी दया आली, की तिने टोमणे मारणंसुद्धा सोडून दिलं.

पानगळीत वनखात्यातून साहेबांचा फोन आला. आर्लीनने स्पीकर लावला.

"अभिनंदन, बाई. तुमचं भाडं कमी झालंय."

"कमी? अहो, पण कसं काय?"

"तळ्याची किंमत उतरली. वॉशबर्नबाईंचं म्हणणं, मालकांना दुकानातून आणलेला मासा दाखवावा लागतो आणि वर एवढ्या थापा माराव्या लागतात, म्हणजे तळ्यात काहीच नसणार."

आर्लीन हसत सुटली. केबिन वाचली होती! तिने वळून पाहिलं, तर डेल्बर्टचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"साहेब," तो फोनकडे वाकून म्हणाला, "याच्यावर अपील करता येतं का?"

"येतं ना. पण भाडं कमी झालंय तुमचं!"

"दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. आणि त्यांना म्हणावं, गळ घेऊनच या."

आर्लीनने झडप घालून फोन बंद केला. "डेल्बर्ट, एकदाच काय ते सांग. तुला केबिन हवी की मासा?"

डेल्बर्ट खाली बसला आणि बराच वेळ विचार करत राहिला.