थट्टेच्या सोयरिकीतला राजीनामा

कापेम्ब्वा हवालदाराच्या खिशात तीन आठवड्यांपासून राजीनामा पडून होता. घडी घालून घालून त्याचे कोपरे पार मऊ झाले होते, पण तो इन्स्पेक्टर सोको मॅडमच्या टेबलावर काही पोचत नव्हता. सेरेंजेच्या रस्त्यावरच्या नाक्यावर अकरा वर्षं उन्हात उभं राहून त्याला एवढंच कळलं होतं, की सगळं जग पुढे जातं आणि पोलीस तिथेच राहतो. आपणही ट्रक चालवावा, दार-एस-सलामचा समुद्र बघावा, येताना बायकोला कापड आणावं, असं त्याला फार वाटे. पण नोकरीबरोबर सरकारी क्वार्टरही जाणार, हे बायकोला सांगायची त्याची छाती होत नव्हती.

त्या दुपारी पाळी संपायला पाच मिनिटं असताना नाक्यावर जेरेचा ट्रक आला.

"उतर खाली, उंदीरखाऊ!" कापेम्ब्वा गरजला. "ट्रक जप्त!"

"माकडं खाऊन डोळे गेले का रे तुझे?" जेरे खिडकीतून ओरडला. "आधी कागद तर बघ!"

परक्या माणसाला वाटलं असतं, आता डोकी फुटणार. पण कापेम्ब्वा बेम्बा जमातीचा, म्हणजे माकडखाऊ, आणि जेरे न्गोनी जमातीचा, म्हणजे उंदीरखाऊ. आजे-पणजे एकमेकांशी लढले, म्हणून नातवंडांना थट्टेचा हक्क. वाटेल ते बोलावं, समोरच्याचं हवं ते उचलून न्यावं, आणि चिडायचं मात्र नाही. जो चिडला त्याची नाचक्की. मागच्या खेपेला कापेम्ब्वाने जेरेची भाजलेली कणसं पळवली होती, तीही सगळी.

"तुझं बरंय बाबा," कापेम्ब्वा कागद चाळत म्हणाला. "गाणी ऐकत हिंडायचं, वर भत्ता घ्यायचा."

"आणि तुझं वाईट आहे होय? रोज बायकोच्या हातचा मक्याचा गरम न्शिमा! माझी पोरं मला फोनवर ओळखतात, समोर गेलो की आईमागे लपतात."

"अरे, एखादा ट्रक थांबला नाही तर थेट माझ्या अंगावर येतो!"

"आणि माझे ब्रेक गेले तर मी कुणाच्या अंगावर जाऊ?"

एवढं बोलून जेरेने खिडकीतून हात बाहेर काढला आणि कापेम्ब्वाच्या खिशातलं राजीनाम्याचं पाकीट अलगद उचललं. "हे काय, प्रेमपत्र? थांब, तुझ्या सोको मॅडमनाच देतो. पुढच्या वजनकाट्यावर बसल्यात आज!" आणि ट्रक निघालासुद्धा.

ओरडावं तर चिडला असं होणार, गप्प बसावं तर नोकरी जाणार. मागून सिमेंटचा ट्रक आला, तो थांबवून कापेम्ब्वा त्यात चढला. "काका, वजनकाट्यापर्यंत सोडा. जरा दामटा!"

म्हातारा ड्रायव्हर दामटायला लागला आणि चौथ्या मैलावर टायर फुटला. म्हाताऱ्याने शांतपणे झाडाच्या फांद्या तोडल्या, मागच्या गाड्यांना दिसाव्यात म्हणून रस्त्यावर टाकल्या आणि म्हणाला, "साहेब, शर्ट काढा. जॅक माझ्या एकट्याच्यानं होत नाही." कापेम्ब्वा ट्रकखाली शिरला. वर एक पोतं फाटलेलं होतं. दहा मिनिटांत तो डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झाला.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक शिपाई आला. "ए बाबा! हा काय तुझ्या बापाचा रस्ता आहे? लायसन काढ!"

"अरे, मी पोलीस आहे!"

"पकडलं की सगळे हेच सांगतात!"

हे वाक्य कापेम्ब्वाच्या चांगलंच ओळखीचं होतं. ते त्यानेच या शिपायाला शिकवलं होतं. मग शर्ट दाखवा, बिल्ला दाखवा, यात अर्धा तास गेला. टायर बदलून निघाले, तर पुढे वजनकाट्याची रांग मैलभर लांब. रणरणत्या उन्हात पायी जाताना कापेम्ब्वाने मनाशी पक्कं केलं, की नको तो समुद्र. आपला नाका बरा. फक्त ते पाकीट उघडलेलं नसावं.

पाकीट उघडलेलं होतं. सोको मॅडम कागद समोर ठेवून बसल्या होत्या आणि बाजूच्या बाकावर जेरे चेहरा पाडून बसला होता.

"काय हे, कापेम्ब्वा?"

"मॅडम, ते..."

"थट्टा आहे हो मॅडम!" जेरे घाईने मध्ये पडला. "माकडखाऊंना दुसरं काय सुचणार!"

मॅडमनी सिमेंटच्या त्या पुतळ्याकडे निरखून पाहिलं. "मीही न्गोनीच आहे. बेम्बाने थट्टेत राजीनामा पाठवला आणि मी चिडले, तर माझीच नाचक्की." त्यांनी कागदाचे दोन तुकडे केले आणि एकावर शेंगदाणे ओतले. "अकरा वर्षं नोकरीत मुरलेला माणूस मी असा सोडणार नाही. पण पुन्हा अशी थट्टा केलीस, तर खरी समजेन. जा, अंघोळ कर."

दाराबाहेर येताच जेरेने त्याचा हात धरला. "मला काय ठाऊक रे, आत काय आहे ते! बसल्या जागी घाम फुटला मला."

आता उचलायचा हक्क कापेम्ब्वाचा होता. त्याने जेरेच्या खिशात हात घातला आणि हाताला लागलेला कागद उघडला. पोलीस शिपाई भरतीचा अर्ज, वयाची अट पंचवीसपर्यंत. नाव, जेरे. वय, चोवीस.

कापेम्ब्वाने जेरेच्या टकलाकडे पाहिलं. "चोवीस?"

"टोपी घातली की दिसत नाही रे," जेरे पुटपुटला. "पोरं आईमागे लपतात म्हटलं ना तुला."

"कापेम्ब्वा, आता कसला कागद आहे?" मॅडमनी खिडकीतून विचारलं.

"काही नाही मॅडम. उंदीरखाऊंची थट्टा!"

कापेम्ब्वाने अर्जाची घडी केली आणि राजीनामा होता त्याच खिशात ठेवली. "हा माझ्याकडेच राहील. माझ्या बायकोला दार-एस-सलामहून कापड आण. निळं आण. आणि आधी घरी जा, चार दिवस पोरांजवळ राहा. आता काढ ट्रक, चोवीस वर्षांच्या पोरा, मागे रांग लागलीय."