स्वस्त काडतुसांवरचा आळ

“वहिनी, माझ्यापासून चार हात लांबच राहा. मी जिथे जातो तिथे रहस्य माझ्या मागून येतं.”

हा इशारा रमण तेरवणकरांनी मला पहिल्याच भेटीत दिला होता, मस्कतच्या अल खौद भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये. मी त्या वेळी बाळाच्या तोंडातून लिफ्टच्या दाराचं रबर बाहेर काढत होते, त्यामुळे इशाऱ्याकडे लक्ष द्यायला मला सवड नव्हती.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांनी आपली ओळख पूर्ण केली. पोटापाण्यासाठी एका नेमबाजी क्लबात अकाउंटंट. जन्माने गुप्तहेर. नजर ससाण्याची, बुद्धी वस्तऱ्याची आणि स्मरणशक्ती... इथे ते थांबले. “स्मरणशक्तीला एक फार चांगली उपमा होती,” ते म्हणाले. “आठवली की सांगतो.”

अजून सांगितलेली नाही.

त्यांची कीर्ती मोठी होती. समोरच्या फ्लॅटचं पायपुसणं चोरीला गेलं तेव्हा रमणभाऊंनी त्या दारात उभं राहून सगळ्या मजल्याची उलटतपासणी घेतली होती. पायपुसणं त्यांच्या पायाखालीच निघालं. “पुराव्याचं रक्षण करत होतो,” ते म्हणाले.

माझा नवरा देवेश त्याच क्लबात स्टोअर सांभाळतो. हुद्द्यात दरारा आहे, पण काम म्हणाल तर कागदी लक्ष्यं, कानावरची कव्हरं आणि काडतुसांचे खोके मोजणं. मी मात्र काळजी करण्यात कमी पडत नाही. बंदुका कुलपात असतात, किल्ली ओमानी प्रशिक्षक हुमैदकडे असते, हे देवेशने मला लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा समजावून सांगितलं आहे.

यंदा क्लबाच्या मालकांनी, म्हणजे अर्बाबनी, नवशिक्यांच्या वर्गासाठी एक छोटं पिस्तूल मागवलं. पसंत पडलं तर तसली आणखी घ्यायची. नवं पिस्तूल म्हणजे नवी चप्पल. आधी भरपूर वापरून रुळवायचं, मगच लोकांच्या हाती द्यायचं. रुळवायला काडतुसं लागतात खंडीभर, आणि अर्बाबचा हुकूम होता: “स्वस्त पाहिजेत. पण धड पाहिजेत.”

देवेशने आठवडाभर डोकं लावलं. सरावाला साधी, गोल टोकाची. पुंगळी पितळेची, लोखंडी नको. आधी वेगवेगळ्या कंपन्यांचा एकेक डबा जुन्या पिस्तुलात वाजवून बघायचा आणि मगच मोठी ऑर्डर. जेवताना तो मला हे सगळं सांगायचा आणि मी म्हणायची, “डायपरचंही आपण असंच केलं होतं.” शेवटी त्याने सगळ्यात स्वस्त काडतुसं निवडली. जुन्या पिस्तुलातून ती लोण्यासारखी गेली. “कागदाला भोकंच पाडायची आहेत ना,” तो म्हणाला. “त्याला महागडी कशाला?” ढीगभर खोके आले.

आणि नवं पिस्तूल अडखळलं.

दोन गोळ्या सुटायच्या, तिसरी वर यायचीच नाही. हुमैदने महाग काडतुसांसाठी आधीच हट्ट धरला होता, त्यामुळे तो हात झटकून मोकळा झाला. “सस्ता माल,” तो म्हणाला. अर्बाबनी देवेशला बोलावून शांतपणे सांगितलं की गुरुवारी मी स्वतः येऊन बघणार. काडतुसं खराब निघाली तर खलास.

खलास म्हणजे काय ते इथे कुणी विचारत नाही. नोकरी, व्हिसा, घर, सगळं एका शब्दात बसतं. मी त्या संध्याकाळी बाळाच्या लशींची फाईल आणि पासपोर्ट एका पिशवीत भरून ठेवले.

“हे काय?” देवेश म्हणाला.

“काही नाही. आवरतेय.”

तेवढ्यात दारावर टकटक झाली. आमच्याकडे बेल आहे. पण बेल वाजवणं रमणभाऊंना सामान्य वाटतं.

“वहिनी, ही केस मी घेतोय,” ते म्हणाले. “मोबदला नको. चहा चालेल.”

चहाबरोबर पहिला सिद्धांत आला. ही काडतुसं थंड देशात बनलेली. मस्कतच्या दमट हवेत ती पापडासारखी फुगली.

“धातू फुगतो?” मी विचारलं.

“वहिनी, आपल्या जिन्यातला दरवाजा पावसाशिवाय फुगतो. या देशात काहीही फुगू शकतं.”

“तो लाकडाचा आहे.”

“म्हणूनच त्याच्यावर कुणी संशय घेत नाही,” ते गूढपणे म्हणाले आणि त्यांनी दुसरं बिस्किट घेतलं.

दुसऱ्या दिवशी संशय मुजम्मिलवर गेला. मुजम्मिल रत्नागिरीचा, परवानेवाल्या व्यापाऱ्याकडचा विक्रेता. महाग काडतुसं खपवायचा त्याचा डाव देवेशने हाणून पाडला होता. रमणभाऊंनी त्याला आमच्याच सोफ्यावर बसवलं, माझा टेबललॅम्प त्याच्या तोंडावर धरला आणि दरडावून विचारलं, “स्वस्त डब्यांत भेसळ कुणी केली?”

“रमणभाय, दिवा जरा खाली घ्या, डोले दुखतात,” मुजम्मिल म्हणाला. “मी रत्नागिरीचा मानूस. आमी आंब्याची पेटीपन वर चांगले नि खाली कुजके अशी कदी देत नाय.”

“कधीच नाही?”

“वलखीच्यांना नाय,” मुजम्मिलने प्रामाणिकपणे सांगितलं. “नि ती पितलेची काडतुसं मीच दिलीत. ती खराब निगाली तर माजीपन मान जाते. भाबी, बच्च्याने माजी चावी तोंडात घातली बगा.”

बाळाच्या तोंडातून मी गाडीची किल्ली ओढून काढली. मुजम्मिल निर्दोष सुटला. जाताना चहा छान होता म्हणाला. रमणभाऊंनी एवढ्या दिवसांत एकदाही म्हटलं नव्हतं.

तिसरा संशयित हुमैद. तो डावखुरा आहे, आणि डावखुऱ्या माणसाच्या हातात पिस्तूल गोंधळतं. हा सिद्धांत टिकला नाही, कारण हुमैद उजव्या हाताने नेम धरतो. डावखुरे खुद्द रमणभाऊच आहेत.

बुधवारी मात्र ते आले ते चहा न मागता. चेहरा लांब.

“वहिनी, बसा. सगळे धागे एकाच माणसाकडे जातायत.” त्यांनी आवाज खाली आणला. “देवेश.”

“काय?”

“निवड त्याची, डबे त्याच्या ताब्यात, बंदुकांच्या खोलीला लागून त्याची खोली. माझं मन तयार नव्हतं, पण तर्काला मन नसतं. उद्या अर्बाबना सांगणं माझं कर्तव्य आहे.”

मी त्यांच्या पुढ्यातली बिस्किटांची ताटली उचलली. एवढंच सुचलं. “रमणभाऊ,” मी म्हटलं, “ज्या घरात बसून चहा पिता, त्याच घरातल्या माणसाची नोकरी घालवणार तुम्ही? हा एक वर्षाचा पोरगा घेऊन आम्ही कुठे जायचं?”

पहिल्यांदाच त्यांच्याकडे सिद्धांत नव्हता. “मी रात्रभर विचार करतो,” ते म्हणाले. दार त्यांनी हलक्या हाताने लावलं.

गुरुवारी मी बाळाला कडेवर घेऊन क्लबात गेले. जेवणाचा डबा पोचवायचं निमित्त. बसून काळजी करण्यापेक्षा उभं राहून करावी. ऑफिसात अर्बाब, हुमैद, देवेश आणि रमणभाऊ टेबलाभोवती उभे होते. पिस्तूल कुलपात होतं. टेबलावर होतं फक्त रिकामं मॅगझिन, म्हणजे काडतुसं ज्यात भरतात ती चपटी लोखंडी पेटी.

“सस्ता माल,” हुमैद पुन्हा म्हणाला.

“हेच काडतूस जुन्या पिस्तुलात चालतं, सर,” देवेश म्हणाला. त्याचा आवाज मला आवडला नाही. फार सभ्य झाला होता.

आता मला पिस्तुलातलं काही कळत नाही. पण आमच्या बाळाने गेल्या महिन्यात नाकात मटार घातला होता. त्याआधी रिमोटच्या खोबणीत खारी बिस्किट आणि माझ्या चार्जरच्या भोकात काहीतरी, जे अजून कळलेलं नाही. चालती वस्तू बंद पडली की माझ्या डोक्यात एकच प्रश्न येतो. तो मी विचारला.

“ह्याच्या आत काही गेलंय का ते बघितलं का कुणी?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग हुमैदकडे.

“सिस्टर, ये नया है,” हुमैद म्हणाला. “नया कौन खोलता है?”

“माझा मुलगाही नवाच आहे,” मी म्हटलं. “मी रोज उघडून बघते.”

अर्बाब हसले आणि त्यांनी मान हलवली. हुमैदने मॅगझिनचं बूड काढलं, स्प्रिंग ओढली आणि पांढऱ्या रुमालावर पेटी आपटली. टप. टप. दोन जाडसर, लालसर कण पडले.

“गंज!” रमणभाऊ पुढे वाकले. “किंवा एखाद्या कीटकाची अंडी. परदेशी कीटक. थांबा, याचा अर्थ...”

“तांदूळ आहे,” मी म्हटलं.

“तांदूळ?”

“उकडा तांदूळ. कुंकू लावलेला.” मी एक दाणा बोटावर घेतला. हा तांदूळ माझी आई सावंतवाडीहून पाठवते. या क्लबात तो खाणारा माणूस म्हणजे माझा नवरा, आणि तो डब्यात शिजवून आणतो. कच्चा तांदूळ आमच्या घरातून गेला होता एकदाच, खंडेनवमीच्या सकाळी. मी मिक्सरला आणि लॅपटॉपला कुंकू लावत होते. दाराशी कुणीतरी येऊन म्हणालं होतं, “वहिनी, चिमूटभर कुंकू आणि मूठभर तांदूळ. काम गोपनीय आहे.” बारीक तांदूळ संपले होते, म्हणून मी उकडे दिले होते. बासमती असता तर घरंगळून खाली पडला असता. हा जाडा दाणा कडेला रुतून बसला होता.

मी रमणभाऊंचं नाव घेतलं नाही. गरज नव्हती. ससाण्याची नजर आधी दाण्यावर गेली, मग कुठेतरी लांब, मग जमिनीवर.

“किसने डाला?” अर्बाबनी विचारलं. त्यांचं हसू गेलं होतं. हत्याराला परवानगीशिवाय हात लावणं ही इथे साधी गोष्ट नाही. ते देवेशकडे बघत होते, कारण स्टोअर देवेशचं.

देवेशने तोंड उघडलं. तांदूळ कुणी नेले ते त्याला माहीत असावं. पण त्याने बोट दाखवलं नाही.

रमणभाऊ एक पाऊल पुढे आले, शर्ट नीट केला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“सर,” ते म्हणाले, “केस सुटली आहे. गुन्हेगार याच खोलीत आहे. नोंदणीसाठी पिस्तूल आणि मॅगझिन त्याच्या टेबलावर आलं तेव्हा त्याने अक्षता वाहिल्या. तो रोज हत्यारांचे हिशेब लिहितो आणि त्याला वाटलं, वर्षातून एकदा नमस्कार करावा. मग तो विसरला.” ते थांबले. “माझ्या आयुष्यातली ही पहिली सुटलेली केस. मीच तो, सर.”

बाळाने तेवढ्यात टेबलावरचा दुसरा दाणा उचलून तोंडात घातला. पुरावा मी बोट घालून परत मिळवला.

मॅगझिन पुसून हुमैदने आत नेलं. भिंतीपलीकडून आवाज येत राहिले, एकामागून एक, न अडखळता. स्वस्तातली काडतुसं, सगळीच्या सगळी. देवेश भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता, लोक भजन ऐकतात तसा.

अर्बाब माणूस वाईट नाहीत. त्यांनी रमणभाऊंना काढलं नाही. लांब दुक्म बंदरात त्यांचं बांधकामाचं काम चालू आहे, तिथे हिशेबाला पाठवलं. “उधर सिर्फ फावडा है,” ते म्हणाले. “पूजा करो, कोई बात नहीं.”

निघताना रमणभाऊ बॅग घेऊन आमच्या दारात आले. या वेळी त्यांनी बेल वाजवली. “वहिनी, चहा छान असायचा,” म्हणाले. मी त्यांना उकड्या तांदळाची पिशवी दिली. फाईल आणि पासपोर्ट मी कपाटात परत ठेवले होते, त्यांचीच ती पिशवी.

पहिले काही दिवस दुक्महून रोज एक रहस्य यायचं. मेसमधलं मीठ कोण चोरतं. समुद्राकाठचा उंट कुणाचा हेर. मग मेसेज कमी झाले. आता मी चहाचा फोटो पाठवते, तो पोचतो, पण उत्तर येत नाही. देवेश म्हणतो काम असेल. असेलही. मी काळजी करणारी बाई आहे.

तर तुमचं कुणी दुक्मला असेल, भाऊ, दीर, नवरा, तर त्याला सांगा, तेरवणकर नावाचा डावखुरा अकाउंटंट कुठल्या कॅम्पात आहे ते जरा शोध. सापडायला कठीण नाही. कुठल्या तरी साध्या गोष्टीकडे संशयाने बघत असतील. ते तुमच्या माणसाकडे बघून तो कुठून आला ते ओळखून दाखवतील. साफ चुकीचं सांगतील. त्याने “बरोबर” म्हणावं. आणि मग, जेवलात का, एवढं विचारावं. ते हो म्हणाले तरी, तांदूळ कमी झालेत का ते माझी पिशवी उघडून बघावं.